क्रमवारीत घसरलेली शाळा: सिक्स्थ फॉर्मला थांबायचं की बदलायचं?

हे प्रकरण लंडनच्या वायव्य भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. दोन शाळांचा उल्लेख 'क' आणि 'ख' असा येईल. दोन्ही फक्त मुलांच्या, फी घेणाऱ्या स्वतंत्र शाळा. या कुटुंबाला दोनदा निर्णय घ्यावा लागला आणि दोन्ही वेळा मी त्यांच्यासोबत कागद घेऊन बसलो होतो.

पार्श्वभूमी

वडील पुण्यात इंजिनिअर झालेले, आयटीत नोकरी करणारे. आई हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट. मुलगा 2018 च्या सप्टेंबरमध्ये 'क' शाळेत सातवीला, म्हणजे इयर 7 ला गेला. त्याआधी वर्षभर इलेव्हन प्लसची, म्हणजे अकराव्या वर्षाच्या आसपास द्यायच्या शाळाप्रवेश परीक्षेची तयारी, शनिवारचे क्लास, सराव पेपर हे सगळं झालं होतं. शाळा निवडताना वडिलांनी एक एक्सेल शीट केलं होतं आणि त्यातला पहिला रकाना राष्ट्रीय क्रमवारीचा होता. 'क' तेव्हा वरच्या शाळांमध्ये होती.

क्रमवारीवरचा हा विश्वास कुठून येतो ते आपल्याला सांगावं लागत नाही. वडिलांच्या लहानपणी बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची आणि यादीत आलेल्या मुलांचे फोटो पेपरात झळकायचे. पण त्या यादीत नाव मुलाचं असायचं. इंग्लंडच्या लीग टेबलमध्ये नाव शाळेचं असतं, आणि शाळेचा क्रमांक मुलाच्या हुशारीबद्दल काहीच सांगत नाही. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

इथली रचना थोडक्यात सांगतो. इयर 11 च्या शेवटी, सोळाव्या वर्षी जीसीएसई. गुण 9 ते 1, सगळ्यात वर 9. मग सिक्स्थ फॉर्मची दोन वर्षं, इयर 12 आणि 13, आणि शेवटी बहुधा तीन, कधी चार विषयांची ए-लेव्हल. तिथे सगळ्यात वरची श्रेणी ए-स्टार, आणि ती 2010 पासून आहे. इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळांच्या निकालाचे तक्ते सरकार 1992 पासून प्रसिद्ध करतं. वृत्तपत्रं आपापले तक्ते काढतात. कोणी ए-स्टार ते बी धरतं, कोणी फक्त ए-स्टार आणि ए, कोणी ए-लेव्हलला जीसीएसईपेक्षा जास्त वजन देतं. स्वतंत्र शाळांनी आपले निकाल वृत्तपत्रांना द्यायचे की नाही हे त्यांच्या मर्जीवर असतं, आणि काही नामवंत शाळा ते देतच नाहीत. 'राष्ट्रीय क्रमवारी' असा एकच अधिकृत आकडा कुठेही नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

मुलगा इयर 11 मध्ये गेला आणि 2022 च्या शरद ऋतूत वडिलांनी नवा तक्ता पाहिला. करोनाच्या आधीच्या, 2019 च्या तक्त्याशी ताडून पाहिलं तर 'क' चाळीसेक जागा खाली आली होती. 'ख' मात्र पहिल्या दहात टिकून होती. ते अस्वस्थ झाले आणि सरकारी संकेतस्थळावर शोधायला गेले. तिथे जीसीएसईच्या इंग्रजी-गणिताच्या रकान्यात 'क' समोर शून्य होतं. रात्री साडेअकराला त्यांनी मला त्या शून्याचा स्क्रीनशॉट पाठवला, खाली एकच ओळ: "हे काय आहे?"

त्या शून्याचं कारण साधं होतं. 'क' ची मुलं इंग्रजी आणि गणितात इंटरनॅशनल जीसीएसई, म्हणजे आयजीसीएसई देतात. ही परीक्षा सरकारी तक्त्यात मोजली जात नाही, त्यामुळे सगळ्या मुलांना 9 पडले तरी रकान्यात शून्यच दिसतं. इंग्लंडमधल्या अतिशय प्रसिद्ध शाळांसमोरही असं शून्य लागलेलं आहे. पाच मिनिटांत ही शंका मिटली.

चाळीस जागांची घसरण मात्र इतक्या सहज मिटणारी नव्हती. 2020 आणि 2021 मध्ये लेखी परीक्षा झाल्याच नाहीत. श्रेणी शिक्षकांच्या मूल्यमापनावर दिल्या गेल्या आणि निकाल फुगले. देशभरात ए-लेव्हलला ए-स्टार किंवा ए मिळालेल्या श्रेणींचं प्रमाण 2019 मध्ये 25.4 टक्के होतं, ते 2021 मध्ये 44.8 टक्क्यांवर गेलं. 2022 मध्ये परीक्षा पुन्हा झाल्या, पण परीक्षा नियामक ऑफक्वालने मुद्दाम अर्ध्या वाटेवर थांबायचं ठरवलं आणि प्रमाण 36.4 टक्के राहिलं. त्या दोन वर्षांत सरकारने शाळानिहाय आकडेही प्रसिद्ध केले नाहीत. म्हणजे वडील ज्या दोन तक्त्यांची तुलना करत होते त्यांच्यामध्ये पट्टीच बदललेली होती. पण पट्टी सगळ्यांसाठी बदलली होती, मग 'क' च खाली का आली आणि 'ख' का नाही, हा त्यांचा प्रश्न बरोबर होता. त्याला उत्तर द्यायलाच हवं होतं.

घरात तीन मतं होती. वडिलांना 'ख' हवी होती. आईला मुलाचं रोजचं आयुष्य मोडायचं नव्हतं. मुलाला कोणी विचारलं नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय 'क' मध्येच राहण्याचा. दुसरा, 'ख' ची सिक्स्थ फॉर्म प्रवेश परीक्षा देण्याचा. ती नोव्हेंबरमध्ये होती. तिसरा, घरापासून बसच्या अंतरावरच्या सरकारी ग्रामर स्कूलच्या, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळेच्या सिक्स्थ फॉर्मचा, जिथे फी नसते. लंडन परिसरातल्या अशा डे स्कूलची फी तेव्हा वर्षाला 20 हजार पौंडांच्या पुढे होती, त्यामुळे तिसऱ्या पर्यायावर निदान एक संध्याकाळ तरी घालवायला हवी होती. या कुटुंबाने तो दहा मिनिटांत बाजूला सारला. "इतकी वर्षं भरले, आता दोन वर्षांसाठी काय काटकसर," असं वडील म्हणाले.

'ख' ची परीक्षा द्यायला हरकत नव्हती. मुलाने ती दिली, मुलाखतही दिली आणि डिसेंबरमध्ये ऑफर आली. अट अशी की आठ विषयांत किमान 7 आणि ए-लेव्हलला घ्यायच्या प्रत्येक विषयात किमान 8. मुलाला सिव्हिल इंजिनिअरिंग करायचं होतं. विषय ठरले होते: गणित, फर्दर मॅथ्स (गणिताच्या पुढचा, जास्त अवघड वेगळा विषय), भौतिकशास्त्र, भूगोल.

इथे वडिलांचा बेत होता की 'ख' ची जागा स्वीकारायची, 'क' ची जागा धरून ठेवायची आणि ऑगस्टमध्ये जीसीएसईचा निकाल बघून ठरवायचं. वरवर पाहता शहाणपणाचा बेत. तो मोडला आईने. 'ख' च्या स्वीकृतीपत्राला जोडलेल्या अटी तिने, औषधांच्या चिठ्ठ्या वाचायची सवय असलेल्या माणसाने वाचाव्यात तशा, ओळ न ओळ वाचल्या. चौथ्या पानावर होतं: जागा स्वीकारल्यानंतर पूर्ण एक टर्मची लेखी नोटीस न देता सोडली, तर एका टर्मची फी भरावी लागेल. डिपॉझिट परत मिळणार नव्हतंच. मग तिने 'क' चा 2018 चा करार कपाटातून काढला. तिथेही तेच: जुलैमध्ये शाळा सोडायची असेल तर उन्हाळी टर्मच्या पहिल्या दिवसाआधी नोटीस, नाहीतर एका टर्मची फी.

म्हणजे खरा निर्णय ऑगस्टमध्ये नव्हताच. तो फेब्रुवारीत होता, 'ख' ची जागा स्वीकारायची की नाही ते कळवायच्या वेळी, निकालाच्या सहा महिने आधी. बहुतेक पालकांना हे फार उशिरा कळतं, म्हणून त्याचा इथे ठळक उल्लेख करतो आहे. काही शाळा 'प्रोव्हिजनल नोटीस' स्वीकारतात, म्हणजे कदाचित सोडू अशी आगाऊ सूचना. पण ते विचारून, लेखी घ्यावं लागतं.

पहिला निर्णय: फेब्रुवारी 2023

हाती तीन आठवडे होते. मी सुचवलं की टक्केवारी कोणालाही विचारू नका, टक्केवारीच्या खाली काय आहे ते विचारा. दोन्ही शाळांना एकाच मजकुराचा ईमेल गेला. इयर 11 संपवलेल्यांपैकी किती मुलं तुमच्याच सिक्स्थ फॉर्मला गेली? इयर 12 सुरू केलेल्यांपैकी किती जणांनी इयर 13 तुमच्याकडेच पूर्ण केलं? तुमच्या निकालाच्या टक्केवारीत प्रत्येक मुलाचे सगळे विषय धरले आहेत की फक्त चांगले तीन?

हे प्रश्न का, ते एका हिशोबाने सांगतो. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्याही शाळेचे नाहीत. समजा एका शाळेच्या बॅचमध्ये 90 मुलं आहेत आणि प्रत्येकाचे तीन विषय. एकूण 270 श्रेणी. त्यातल्या 162 ए-स्टार किंवा ए आल्या, तर निकाल 60 टक्के. आता याच बॅचमधली सगळ्यात मागची 10 मुलं जीसीएसईनंतर किंवा इयर 12 नंतर शाळेने पुढे घेतलीच नाहीत असं धरा. त्यांच्या 30 श्रेणींपैकी 6 ए आल्या असत्या. उरल्या 240 श्रेणी आणि त्यांत 156 ए-स्टार किंवा ए. निकाल 65 टक्के. एकाही शिक्षकाने एकही तास वेगळा घेतला नाही, राहिलेल्या एकाही मुलाला एक मार्क जास्त मिळाला नाही, आणि शाळा पाच टक्क्यांनी वर गेली. तक्त्याच्या मधल्या भागात शाळांची इतकी दाटी असते की पाच टक्क्यांत कितीतरी जागांचा फरक पडतो. याच्या उलट, एखाद्या वर्षी सात-आठ मुलांची बॅच थोडी कच्ची असली की तितकाच उतार दिसतो.

सरकारी खर्चाच्या शाळांवर या बाबतीत थोडा लगाम आहे. 2017 मध्ये ऑर्पिंग्टनच्या सेंट ओलेव्ह्ज ग्रामर स्कूलने इयर 12 मध्ये बी मिळवू न शकलेल्या काही मुलांना इयर 13 ला येऊ नका म्हटलं. पालक कोर्टात गेले आणि शाळेला माघार घ्यावी लागली. सरकारी शाळेला मार्कांच्या कारणाने मुलाला असं काढता येत नाही. स्वतंत्र शाळेत मात्र पालक आणि शाळा यांचा करार चालतो, आणि किती श्रेणी मिळाल्या तर पुढच्या वर्गात घेऊ हे बहुधा त्या करारातच लिहिलेलं असतं. शिवाय सरकारी शाळांच्या तक्त्यात किती विद्यार्थ्यांनी सिक्स्थ फॉर्मचा अभ्यासक्रम पूर्ण केला याचाही आकडा असतो. स्वतंत्र शाळांचा तो आकडा तिथे मिळत नाही. विचारावाच लागतो.

'ख' चं उत्तर चार दिवसांनी आलं. सभ्य, नीट लिहिलेलं, आणि पहिल्या दोन प्रश्नांना बगल देणारं. शाळा हे आकडे प्रसिद्ध करत नाही. आईने फोन केला तेव्हा प्रवेश विभागातल्या बाईंनी सांगितलं की दरवर्षी थोडी मुलं वेगवेगळ्या कारणांनी जातात. किती, हे त्यांना सांगता येणार नव्हतं. त्यांच्या गुळगुळीत माहितीपत्रकात निकालाच्या मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात तळटीप होती: प्रत्येक विद्यार्थ्याचे सर्वोत्तम तीन विषय धरले आहेत.

'क' ने भेटायला बोलावलं. सिक्स्थ फॉर्मच्या प्रमुखांनी लॅपटॉप टेबलावर वळवून समोर धरला. 2020 मध्ये इयर 11 संपवलेल्या बॅचची यादी होती, नावं झाकलेली, प्रत्येक ओळीत एक मुलगा: जीसीएसईची सरासरी, कुठल्या विषयांना बसला, काय मिळालं, पुढे कुठे गेला. गळती अगदी थोडी होती आणि बहुतेक ठिकाणी कारण घर बदलणं हे होतं. त्यांनी पानाच्या तळाशी असलेल्या ओळींवर बोट ठेवलं. बी, सी, सी. बी, सी, डी. "ही मुलं आम्ही ठेवली," त्या म्हणाल्या. "तुमची चाळीस जागांची घसरण इथे आहे." मग त्यांनी एएलआयएसचा आलेख दाखवला. ही पद्धत डरॅम विद्यापीठाच्या सीईएम केंद्राची, आणि ते केंद्र 2019 पासून केंब्रिजकडे आहे. मुलाच्या जीसीएसईवरून ए-लेव्हलला किती अपेक्षित आहे ते काढायचं आणि प्रत्यक्ष निकाल त्याच्या वर आला की खाली ते पाहायचं. 'क' च्या गणित आणि भूगोलाचे ठिपके रेषेच्या वर होते. भौतिकशास्त्राचे रेषेवर, काही खाली. बाईंनी तेही लपवलं नाही. दोन वर्षांत दोन शिक्षक बदलले होते.

परत येताना गाडीत मुलगा पहिल्यांदा बोलला. "बाबा, तुम्ही मला विचारलंच नाही. मला 'ख' ची परीक्षा आवडली, शाळा नाही आवडली. तिथल्या मुलाखतीत सरांनी मला फक्त प्रेडिक्टेड ग्रेड विचारले." वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी मला फोन करून विचारलं, "समजा माझाच मुलगा त्या शेवटच्या दहा ओळींत आला, तर कुठल्या शाळेत असलेला बरा?"

दोनच दिवसांत 'ख' ची ऑफर नाकारल्याचं पत्र गेलं. जागा स्वीकारलेलीच नव्हती, त्यामुळे डिपॉझिटचा किंवा फीचा प्रश्न आला नाही.

यात एक सांगायला हवं. 'ख' ने आकडे दिले नाहीत म्हणजे ती मुलांना गाळते असं सिद्ध होत नाही. कदाचित तिची निवडच इतकी कडक असेल की मागे पडणारी मुलं फारशी नसतील. पण कुटुंबाला ठरवायचं होतं ते हाती असलेल्या माहितीवर, आणि एका शाळेने दार उघडून आतलं दाखवलं होतं. माझ्या मते हा निर्णय योग्य होता, आणि निकाल काहीही लागला असता तरी योग्यच म्हटला असता.

ऑगस्ट 2023

17 ऑगस्टला ए-लेव्हलचे निकाल लागले. ऑफक्वालने आधीच सांगितल्याप्रमाणे श्रेणी 2019 च्या पातळीजवळ आणल्या गेल्या आणि देशभरात ए-स्टार व ए चं प्रमाण 36.4 वरून 27.2 टक्क्यांवर आलं. 'क' चा आकडा अर्थातच खाली आला. 'ख' चाही आला, पण कमी. वडिलांचा जुना घाबरटपणा आठवडाभरासाठी परत आला. 24 ऑगस्टला जीसीएसई लागली. मुलाला गणितात 9, भूगोलात 9, भौतिकशास्त्रात 8. 'ख' ची अट पूर्ण झाली असती.

दुसरा निर्णय: इयर 12 चा उन्हाळा

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. खरा पेच नंतर आला, आणि तो त्याच 'क' शाळेत.

2024 च्या जूनमध्ये अंतर्गत परीक्षेत मुलाला फर्दर मॅथ्समध्ये डी पडला. भौतिकशास्त्रात बी. शाळेकडून पत्र आलं: फर्दर मॅथ्स सोडावं आणि उरलेल्या तीन विषयांवर लक्ष द्यावं अशी शिफारस. त्याच सुमारास शाळेत नवे मुख्याध्यापक आले होते आणि पालकसभेत त्यांनी 'निकाल उंचावण्याच्या योजने'बद्दल सांगितलं होतं. वडिलांना दोन्ही गोष्टी जोडायला वेळ लागला नाही. ज्या शाळेने मागची मुलं ठेवतो म्हणून सांगितलं, तीच आता मुलाचा चौथा विषय काढून स्वतःची टक्केवारी सांभाळते आहे का?

हा संशय अवाजवी नव्हता. सगळे विषय धरून टक्केवारी काढणाऱ्या शाळेत एक डी त्या टक्केवारीला खाली ओढतोच. पण तोच सल्ला मुलाच्या हिताचाही असू शकतो. चार विषयांचं ओझं घेऊन भौतिकशास्त्र घसरलं, तर विद्यापीठाची ऑफर हातची जाते, आणि सिव्हिल इंजिनिअरिंगला बहुतेक विद्यापीठं फर्दर मॅथ्सची सक्ती करत नाहीत. शाळेचं हित आणि मुलाचं हित एकाच दिशेला असेल, तर सल्ला कोणाच्या हितासाठी दिला हे बाहेरून ओळखता येत नाही.

आम्ही तीन गोष्टी मागितल्या. परीक्षेचा प्रश्ननिहाय मार्कांचा तक्ता. फर्दर मॅथ्सच्या सरांची भेट, प्रमुखांशिवाय. आणि विषय सोडला तर मोकळ्या झालेल्या तासांत भौतिकशास्त्रासाठी शाळा काय देणार, ते लेखी.

मार्कांच्या तक्त्यात चित्र स्पष्ट दिसलं. शुद्ध गणिताच्या भागात, मॅट्रिक्स आणि कॉम्प्लेक्स नंबर्समध्ये, मुलगा ठीक होता. मेकॅनिक्सच्या भागात साफ आडवा झाला होता. भौतिकशास्त्रातले गेलेले मार्कही जवळपास त्याच प्रकारच्या प्रश्नांत होते. म्हणजे दुखणं एकच होतं आणि ते दोन विषयांत दिसत होतं. सरांना वडिलांनी थेट विचारलं, "लीग टेबल नसतंच, तर तुम्ही काय सांगितलं असतं?" सर थोडं थांबून म्हणाले की पूर्ण सोडायला सांगितलं नसतं. एएस फर्दर मॅथ्स द्यायला लावलं असतं. एएस ही वेगळी, पूर्ण ए-लेव्हलच्या निम्म्याहून थोडी कमी अशी परीक्षा आहे आणि तिचे मार्क आता ए-लेव्हलमध्ये धरले जात नाहीत. म्हणून ती इयर 13 मध्ये स्वतंत्रपणे देता येते, आणि ऐच्छिक भागात मेकॅनिक्स टाळताही येतं.

शाळेच्या पत्रात हा पर्याय नव्हता. तो मागितल्यावर दिला गेला, थोडी नाखुशी दाखवून. शाळेने आठवड्याला भौतिकशास्त्राचा एक जादा तासही दिला.

शाळेने हा पर्याय आधी का नाही सांगितला, याचं उत्तर मला आजही माहीत नाही. वेळापत्रकाची अडचण हे त्यांनी दिलेलं कारण खरं असू शकतं. पण टक्केवारीच्या दडपणाखाली शाळा असते तेव्हा मधले रस्ते आधी दिसेनासे होतात, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. वाईट हेतू नसलेली माणसंही सोपा, स्वच्छ आकडा देणारा मार्ग आधी सुचवतात.

निष्पत्ती

शेवटच्या वर्षात फीचं ओझं वाढलं. सरकारने स्वतंत्र शाळांच्या फीवर 1 जानेवारी 2025 पासून 20 टक्के व्हॅट लावला. 'क' ने काही भार उचलला, उरलेला पालकांवर आला. आईने वर्षभर शनिवारच्या जादा ड्यूटी घेतल्या.

14 ऑगस्ट 2025 ला निकाल लागला. भूगोल ए-स्टार, गणित ए, भौतिकशास्त्र बी, एएस फर्दर मॅथ्स बी. पहिल्या पसंतीच्या विद्यापीठाची अट ए-स्टार, ए, ए होती. ती एका श्रेणीने हुकली. भौतिकशास्त्रात ए ला दोन मार्क कमी होते. शाळेने त्याच दिवशी उत्तरपत्रिका मागवली आणि तातडीच्या फेरतपासणीचा अर्ज केला. मार्क बदलले नाहीत. पहिल्या विद्यापीठाने जागा दिली नाही. दुसऱ्या, इन्शुरन्स म्हणजे राखीव पर्याय म्हणून ठेवलेल्या विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि सप्टेंबरमध्ये तो तिकडे राहायला गेला.

'ख' मध्ये गेला असता तर भौतिकशास्त्रात ए आला असता का? आला असता कदाचित, तिथे भौतिकशास्त्राचा विभाग पक्का आहे असं सगळे सांगतात. किंवा इयर 12 मधल्या डी नंतर काय झालं असतं, हेही सांगता येत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

गळतीचे आणि विषयांच्या मोजणीचे प्रश्न सप्टेंबरमधल्या ओपन ईव्हनिंगलाच, म्हणजे पालकांना शाळा बघायला बोलावतात त्या संध्याकाळीच विचारायला हवे होते. तेव्हा शाळा पालकांना जिंकायच्या प्रयत्नात असतात आणि उत्तरं मोकळी मिळतात. फेब्रुवारीत ऑफर हाती असताना विचारलं, तेव्हा घड्याळ पालकांच्या विरुद्ध चालत होतं.

मुलाचं मत सगळ्यात शेवटी आणि योगायोगाने, गाडीत कळलं. सोळा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी विचारलं असतं तर कदाचित 'ख' ची परीक्षा, तिची फी आणि त्यासाठीचे दोन महिने वाचले असते.

सरकारी ग्रामर स्कूलचा पर्याय दहा मिनिटांत सोडला, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. त्या शाळेचा ए-लेव्हलचा निकाल, किती मुलं शेवटपर्यंत टिकतात, हे सगळं सरकारी संकेतस्थळावर फुकट उपलब्ध होतं. दोन वर्षांची फी आणि त्यावरचा व्हॅट यांत मुलाचा विद्यापीठातला राहण्याखाण्याचा खर्च बराचसा निघाला असता. तिथे नंतरही तो गेला नसता कदाचित, पण आकडे समोर ठेवून नाही म्हणायला हवं होतं.

आणि भौतिकशास्त्र. 2023 च्या फेब्रुवारीत प्रमुखांनी स्वतः दाखवलेल्या आलेखात त्या विषयाचे काही ठिपके रेषेखाली होते. आम्ही सगळ्यांनी ते पाहिले, बाईंच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि पुढे गेलो. त्याच दिवशी विचारायला हवं होतं की नवे शिक्षक कधी येणार, तोवर काय व्यवस्था, आणि इयर 12 च्या पहिल्या टर्मपासून जादा तास मिळेल का. तो तास पुढे दीड वर्षाने मागून मिळाला. आईने आता धाकट्या मुलीसाठी शाळा बघायला सुरुवात केली आहे. तिच्या वहीत पहिल्या पानावर विषयवार रकाने आहेत, प्रत्येक विषयाचे शिक्षक किती वर्षांपासून तिथे आहेत, आणि क्रमवारीचा रकाना अजून रिकामा आहे.